पालकांची सही

मला काकू म्हणणारा माणूस पुण्या-मुंबईकडून आलाय, हे मी डोळे मिटून सांगते. आमच्या जुन्या बेंगळुरी मराठी घरांत मी अक्का. चिकपेटच्या गल्ल्यांत तर कानडी, तमिळ, उर्दू बोलणाऱ्या सगळ्यांचीच मी सुधाक्का. या अंकाचे तरुण संपादक घरी आले आणि म्हणाले, "काकू, तुम्ही एकवीस वर्षं मुलांचा संध्याकाळचा वर्ग चालवलात. मुलांवर त्याचा काय परिणाम झाला ते लिहा ना. थोडं पॉझिटिव्ह असू दे." मी त्यांना चिरोटे खायला घातले आणि लिहिते म्हणाले. पॉझिटिव्हचं काही कबूल केलं नव्हतं.

आधी वर्ग म्हणजे काय ते सांगते, कारण लोकांना ती ट्यूशन वाटते. चिकपेटच्या मागच्या गल्लीत आमच्या मराठी मंडळाचा हॉल आहे, पहिल्या मजल्यावर. खाली साड्यांचं गोदाम. शाळा सुटल्यावर ज्यांच्या घराला कुलूप असतं अशी मुलं साडेचारला यायची आणि सातला जायची. आई-बाप शिवणाच्या मशीनवर, कापडाच्या दुकानात, कोणी हमालीवर, कोणी जयनगरातल्या घरांत धुण्याभांड्याला. ट्यूशनवाला मुलाला गणित शिकवतो आणि मोकळा होतो. आमचं काम त्या अडीच तासांत मूल सांभाळण्याचं होतं, त्यात गणित झालं तर झालं.

पहिला अर्धा तास खाण्याचा. उपाशी मुलाला पाढे शिकवायला जाऊ नये, त्याचं सगळं लक्ष पोटात असतं. कडलेपुरी, म्हणजे आपले चुरमुरे, त्यात कांदा आणि गाजराचा कीस, कधी चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, कधी नुसतं केळं. त्याआधी हात धुवायची रांग. त्या रांगेत मी उभी असायची आणि बघायची. नखं, कान, डोळे, चपलेचा अंगठा तुटलाय का. दारात मुलाला काही विचारायचं नाही, हे मी पहिल्याच वर्षी शिकले. एका मुलीला सगळ्यांदेखत "रडलीस का गं?" म्हणून विचारलं, तर ती आठ दिवस आलीच नाही. खाऊन झालं, दप्तर उघडलं, की मुलं आपणहून सांगतात. घाई आपल्याला असते.

युनिफॉर्म हे माझं दुसरं पुस्तक. शाळेतून आलेल्या मुलाच्या शर्टावर सगळा दिवस लिहिलेला असतो. खडूची पूड, सांबाराचा डाग, मारामारीत तुटलेलं बटण. "आज तुला फळ्यावर बोलावलं होतं," असं मी म्हटलं की पोरं चाट पडायची. मलाही ते आवडायचं. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असा माझा लौकिक होता आणि तो मी मनापासून जपला होता.

गिऱ्हाइकंही एकेक नमुनेदार. जयनगरहून एक बाई मोटारीतून मुलाला घेऊन आल्या. नागपूरच्या, दोघंही नवरा-बायको आयटीत. मुलाला घरी मराठी कळत होतं पण तो बोलत नव्हता, तेव्हा त्यानं मराठी मुलांत मिसळावं ही त्यांची इच्छा. मी म्हटलं, बसू दे. महिन्याभरात पोरगं घडाघडा कानडी बोलायला लागलं. घरी जाऊन बापाला "स्वल्प थांब" म्हणालं, म्हणजे जरा थांब. बाई माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या तेव्हा मी हसले, आणि मग त्याही हसल्या. आमच्या मुलांना कोणती भाषा कुठं संपते ते माहीतच नव्हतं. तो मुलगा दोन वर्षं आला आणि आमच्याकडे पाढ्यांत पहिला होता.

अशा गोष्टी मी रात्रंदिवस सांगू शकते. मंडळाच्या सभेत सांगतही आले. जी सांगितली नाही ती आता सांगते.

मुलांच्या शाळांमध्ये डायरी असते. शिक्षिका त्यात गृहपाठ लिहितात, सूचना लिहितात आणि खाली एक रिकामी जागा असते, पालकांची सही. रोज सही लागते. आमच्या मुलांच्या घरी डायरी वाचणार कोण? कोणाला इंग्रजी येत नाही, कोणाला अक्षरच नाही, आणि ज्यांना येतं ते घरी यायच्या आत मूल झोपलेलं. सही नसली की मूल वर्गाबाहेर उभं. एका पावसाळ्यात माझी सात मुलं रोज बाहेर उभी राहत होती, आणि बाहेर उभं राहायचं तर शाळेत कशाला जायचं, असं त्यांतल्या दोघांनी ठरवलं होतं.

मी पालकांची बैठक घेतली. रविवारी सकाळी, उपमा आणि कॉफी देऊन, म्हणजे माणसं येतात. अडचण सांगितली. एक हमाल गृहस्थ उठून म्हणाले, "अक्का, आम्ही सही केली तरी काय वाचून करणार? तुम्ही वाचता, तुम्हीच घाला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तो मोठा मान वाटला. दुसऱ्या दिवसापासून मी सह्या करायला लागले. तीन वेगवेगळ्या शाळांच्या डायऱ्या, माझी सही म्हणजे एक वाकडी रेघ आणि खाली टिंब. कोणाचं नाव त्यातून वाचता येण्यासारखं नव्हतं. शाळांत कोणी विचारलं नाही, मुलं आत बसायला लागली, आणि मी स्वतःवर खूश झाले.

सुरुवातीला मी प्रत्येक डायरी वाचायची. मग मुलं वाढली. चाळीसच्या वर गेली. पावणेसातला रांग लागायची आणि सातला हॉल मंडळाच्या भजनाला द्यायचा असायचा. तेव्हा मी नियम केला. डायरी आधीच उघडून, दुमडून, सहीची जागा तेवढी पुढं करून उभं राहायचं. काही महत्त्वाचं असेल तर ते मुलानं तोंडानं सांगायचं. नियम माझाच. दहा मिनिटांत चाळीस सह्या व्हायच्या. कोणी पाहुणे आले तर मी त्यांच्याशी बोलता बोलता सह्या करायची, आणि पाहुण्यांना त्याचंही कौतुक वाटायचं.

मंजुळा तेव्हा दहावीत होती. इथं दहावीला एसएसएलसी म्हणतात आणि ती महाराष्ट्रातल्या दहावीइतकीच सगळ्यांच्या छातीवर बसलेली असते. ती चौथीपासून माझ्याकडे. तिची धाकटी बहीण राधा तेव्हा चौथीत, तीही यायची. बाप एका दुकानात कटर, कापड बेतायचं काम, शब्दाला कडक पण दारू वगैरे काही नाही. माझ्या बैठकांना तो कधी आला नाही, आई यायची. आई पार्वतीबाई घरी कुच्चू बांधायची. साडीच्या पदराला रेशमी धाग्यांचे जे गोंडे लावतात, त्यांना इकडे कुच्चू म्हणतात. दुकानातून साड्या घरी येतात, बायका पदर मांडीवर घेऊन एकेक गोंडा बांधतात. बारीक काम आहे, मान आणि बोटं दोन्ही मोडतात.

मंजुळा गणितात हुशार नव्हती. पाठांतरात बरी. पण यायची कशी, तर घड्याळ लावून घ्यावं. साडेचारला पहिलं दप्तर तिचं. ताप असला तरी. लहान मुलांचे हात ती धुऊन द्यायची, राधाच्या वर्गातल्या चौघींना पाढे म्हणून घ्यायची. त्या वर्षी वर्गात एकही खाडा न केलेली ती एकटी होती. मंडळाच्या अध्यक्षांना मी तिला मुद्दाम दाखवलं होतं. "ही बघा, वर्गाची गोडी म्हणजे काय."

जानेवारीत तिच्या शाळेतली दुसरी एक मुलगी हात धुता धुता म्हणाली, "अक्का, मंजुळाचं नाव शॉर्टेजच्या यादीत लागलंय." शॉर्टेज म्हणजे हजेरी कमी. ठरावीक हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत. मी हसले. म्हटलं, दुसरी कोणी मंजुळा असेल, आपली कधी खाडा करते का?

मग मी वळून मंजुळाकडे बघितलं. ती राधाचे हात पुसत होती. दिवसभर शाळेत गेलेल्या मुलीचा युनिफॉर्म जसा असतो तसा तिचा नव्हता. इस्त्रीची घडी जागच्या जागी होती. एक डाग नाही, एक चुणी नाही. मी चार-पाच महिने तो युनिफॉर्म रोज बघत होते.

खाणं झाल्यावर मी तिला कोपऱ्यात घेतलं. तिनं लपवलं नाही. आईची बोटं वातानं सुजली होती, गौरी-गणपतीपासून. गोंडा बांधायला गेलं की हातातून धागा सुटायचा. दुकानदार साड्या दुसऱ्या बाईकडे द्यायला लागला, आणि पुढं लग्नसराई. तेव्हा मंजुळा बसली. सकाळी बाप कामावर गेला की ती साडी मांडीवर घ्यायची, दुपारपर्यंत दोन पदर करायची, मग अंघोळ करून युनिफॉर्म घालून माझ्याकडे. आठवड्यातून एक-दोन दिवस शाळेत.

"आणि अम्मा काही म्हणाली नाही?" मी विचारलं.

"अम्माला वाटतं अभ्यास इथंच होतो, अक्का. मी रोज येते ना इथं."

"तुला काय वाटलं?"

"मलाही तसंच वाटलं."

शाळेनंतरचा वर्ग आम्ही इतका चांगला चालवला होता की एका मुलीला शाळेची गरजच वाटेनाशी झाली होती. तरी तेव्हा मी घाबरले नव्हते. मला वाटलं, मुख्याध्यापिका ओळखीच्या आहेत, जाऊन पदर पसरेन. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला घेऊन शाळेत गेले.

मुख्याध्यापिका कानडी, चांगल्या बाई. "बन्नी, बन्नी," म्हणून त्यांनी मला बसवलं. मंजुळा दाराशी उभी. आमचं बोलणं कानडीत झालं, इथं मराठीत देते. त्या म्हणाल्या, "तुमच्या वर्गातल्या मुलांच्या डायऱ्या नेहमी सही झालेल्या असतात. आमच्या शिक्षिका तुमचं नाव काढतात." मग त्यांनी मंजुळाची डायरी मागवली आणि माझ्यासमोर उघडून ठेवली. पूर्ण उघडून. तीन ठिकाणी लाल शाईनं कानडीत लिहिलं होतं. मुलगी शाळेत येत नाही, पालकांनी ताबडतोब भेटावं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा, हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. तिन्हींच्या खाली एक वाकडी रेघ आणि टिंब.

मला कानडी मराठीइतकं वाचता येतं. तिन्ही मजकूर मी पहिल्यांदाच वाचत होते.

"आम्ही तीनदा कळवलं," बाई म्हणाल्या. "पालक भेटायला आले नाहीत, नुसत्या सह्या केल्या. आता मी काय करू?" मग त्याच म्हणाल्या, "एक होऊ शकतं. पालकांना हे कळलंच नव्हतं, असं असेल तर मी वर लिहू शकते. घरात आजारपण आहे, सूचना पोचली नाही. जास्तीचे तास बसली तर मंजुरी मिळते, मी आधी मिळवली आहे. पण मग या सह्या कोणी केल्या तेही मला लिहावं लागेल."

त्या खोलीत पंखा बंद होता. मी बोलले तर मंजुळाची परीक्षा वाचत होती. आणि मी बोलले तर चाळीस मुलांच्या पालकांच्या जागी एक परकी बाई वर्षानुवर्षं सह्या करतेय, हे कागदावर येत होतं. शिक्षणखात्याचे लोक हॉलवर आले असते. मंडळात आधीच दोघं-तिघं म्हणत होते की हॉल लग्नाला भाड्यानं दिलेला परवडेल. वर्ग बंद झाला असता. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, आणि तसं आलं म्हणून मी आजवर स्वतःची समजूत घातली. पण खरं सांगायचं तर त्याच्याही आधी एक गोष्ट आली होती. त्या बाई माझं कौतुक करत होत्या, आणि आता त्या माझ्याकडे कशा बघतील.

बाईंनी मंजुळाला विचारलं, "ही सही कोणाची?"

मंजुळानं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "अम्माची, मॅडम."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही घरच्यांना ओळखता. आईला लिहिता येतं?"

मी म्हटलं, "सही करता येते."

ते खोटं नव्हतं. पार्वतीबाईंना रेशनच्या दुकानात करण्यापुरती सही येत होती. बाईंनी डायरी मिटली आणि म्हणाल्या, "मग माझे हात बांधलेले आहेत, अक्का." मी उठले, नमस्कार केला आणि बाहेर आले.

रस्त्यात ऑटोवाले ओरडत होते, कापडाचे गठ्ठे घेऊन हमाल अंगावर येत होते. हॉलच्या गल्लीपाशी आल्यावर मंजुळा म्हणाली, "राधाला वर्गात ठेवाल ना, अक्का?" मी म्हटलं, "हो गं, असं काय विचारतेस?" आणि माझ्या मनानं तिथल्या तिथं एक गोष्ट रचली. पोरीनं बहिणीसाठी आणि वर्गासाठी स्वतःहून हे केलं. केवढं मन. ही गोष्ट मी पुढं बारा वर्षं मनात जपली, कारण ती होती म्हणून मला झोप लागायची.

तिसऱ्या दिवशी शाळेनं बापाला बोलावलं आणि आईनं तीन सूचनांवर सह्या केल्याचं सांगितलं. त्या संध्याकाळी पार्वतीबाई हॉलच्या दाराशी आल्या. सुजलेली बोटं पदरात गुंडाळलेली. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "अक्का, मंजीनं मला सगळं सांगितलंय. घरी मी म्हणाले, होय, मीच केल्या सह्या. त्यांना इथं येऊन आरडाओरडा करू द्यायचा नाही मला. तुम्ही आमच्या पोरींसाठी इतकं केलंत. राधाला पाठवतेच."

मी म्हटलं, "बसा, कॉफी घ्या."

नवरा त्यांच्याशी पुढं कित्येक महिने बोलत नव्हता, हे मला राधाकडून कळलं. मारलं नाही, पण अबोल्यानं बाईला उभं जाळलं. मंजुळाबद्दल त्याचं एकच वाक्य होतं, "आई-लेकींनी मिळून मला मूर्ख बनवलं, आता शाळा पुरे." दुसऱ्या वर्षी बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म मी स्वतः घेऊन गेले. त्यानं तो वाचला, घडी घालून परत दिला आणि मला पाणी विचारलं. अठरा पुरी झाल्यावर वर्षभरातच त्यानं तिचं लग्न करून दिलं, येलहंकेकडे.

मी सह्या बंद केल्या. पालकांना म्हटलं, यापुढं तुम्हीच करा, मी वाचून दाखवीन. दर रविवारी या. पहिल्या रविवारी तीस जण आले, दुसऱ्या रविवारी अकरा, महिन्यानं चार. मुलं पुन्हा वर्गाबाहेर उभी राहायला लागली. त्यांतल्या एकानं शाळा सोडली, आणि तोही माझ्या खात्यावर धरायचा की नाही हे मला अजून कळलेलं नाही. सह्या केल्या तेव्हा एक गेली, सोडल्या तेव्हा एक गेला. एवढं होऊनही वर्ग चालू राहिला. मंडळात कोणाला काही कळलं नाही. निवृत्त झाले तेव्हा शाल, श्रीफळ, भाषणं. त्यांत एका भाषणात मंजुळाच्या त्या न चुकलेल्या हजेरीचा उल्लेखही झाला. आकडा कोणीतरी जुन्या अहवालातून काढला होता. मी मान खाली घालून बसले आणि लोकांना तो विनय वाटला.

राधा शिकली. बी.कॉम. झाली, एका कंपनीत लागली. ती अजून फोन करते. हा तुमचा परिणाम, असं कोणी म्हणालं तर मला नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणवत नाही.

या अंकासाठी लिहायला बसले तेव्हा ठरवलं की हे लिहायचं तर आधी मंजुळाला सांगायचं. राधाकडून पत्ता घेतला आणि मागच्या महिन्यात येलहंकेला गेले. दोन खोल्यांचं घर, स्टेशनपासून आत. मंजुळा दारात आली, मला ओळखलं, पाया पडली. अंग भरलंय. आत तिच्याबरोबर आणखी दोन बायका पदर मांडीवर घेऊन बसलेल्या. आता दुकानदार हिच्याकडे साड्या देतो आणि ही बाकीच्यांना वाटून देते. बोटांचे सांधे आत्ताच जाड दिसायला लागलेत. तिची मुलगी पहिलीत आहे, शाळेत गेली होती. मी सोबत दहावीचा फॉर्म नेला होता. वयाची अट नाही, बाहेरून बसता येतं.

तिनं फॉर्म बघितला आणि शेजारी ठेवला. "आता कशाला, अक्का? पास होऊन मी काय करू? हीच कामं मिळणार."

त्या दोघी बायका चहा करायला आत गेल्या तेव्हा मी बोलायला लागले. बारा वर्षं जे मनात घोकलं होतं ते सगळं. म्हटलं, "त्या दिवशी ऑफिसात तू माझं नाव घेतलं नाहीस. वर्ग वाचवलास. एवढ्याशा वयात एवढं मन तू दाखवलंस, आणि मी गप्प बसले. माझं चुकलं."

ती धागा बोटाला गुंडाळत राहिली. रागावलेली दिसली नाही. तिचा आवाज शेजारणीशी बोलावं तसा साधा होता.

"मन कसलं, अक्का? मी घाबरले होते. मोठ्या माणसाचं नाव मॅडमसमोर कसं घ्यायचं? म्हणून अम्माचं घेतलं. मी तुमच्याकडे बघितलं होतं, तुम्हाला आठवतं का? मला वाटलं, आता तुम्ही म्हणाल, नाही, ती माझी सही आहे."

मला आठवत होतं. तिनं बघितलं होतं, आणि मी पुढ्यातल्या डायरीकडे बघत बसले होते.

"दाराबाहेर पडेपर्यंत वाटत होतं," ती म्हणाली. "मग नंतर नाही वाटलं."

चहा आला. आम्ही प्यायलो. तिनं मुलीची वही दाखवली, अक्षर चांगलं आहे. निघताना मी विचारलं, हे सगळं मंडळाच्या अंकात लिहू का?

"लिहा. पण माझं नाव घालू नका, घरी सासरची माणसं आहेत. अम्माचंही नको. नाव घालायचं तर तुमचं घाला."

म्हणून या लेखातली मंजुळा, पार्वती आणि राधा ही नावं खरी नाहीत. माझं नाव सुधा रामराव काळे. त्या तिन्ही सह्या माझ्या आहेत.